गोडी वाळू

समजा, तुम्ही पोहण्याच्या रिकाम्या तलावात उकिडवे बसला आहात. पाणी काल उपसलंय. समोर पांढरी भिंत आहे आणि तिच्यावर रुपयाएवढा तांबूस डाग. डागाखाली ओघळ, कुणी पान खाऊन पिंक मारल्यासारखा. तुमच्या हातात छिन्नी आहे. डाग घासायचा नाही, कारण असा डाग बहुतेक वेळा भिंतीवर नसतोच, तो भिंतीच्या पोटातून आलेला असतो. डागाभोवती वीतभर आखून घ्या, कडा सरळ कापा आणि सावकाश आत शिरा. घाई केलीत तर बाजूचा चांगला गिलावाही सुटेल. आत कुठेतरी लोखंडाला पाणी लागलंय. ते हाताला लागेपर्यंत थांबायचं नाही. आणि आता असंही समजा, की हा तलाव अकरा वर्षांपूर्वी तुम्ही आणि तुमच्या धाकट्या भावानंच बांधला होता.

पूर्णगडचा दादू गवंडी त्या सकाळी असाच बसला होता. बंगला गोळपच्या सड्यावरचा, उघड्या कातळमाळावरचा, समोर थेट समुद्र दिसणारा. तलाव काही फार मोठा नाही, चार माणसं डुंबतील एवढा. घरची सून वेदिका काठावर उभी राहून सांगत होती, "काका, मी नेटवर बघून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चोळल्या. डाग गेले, पण पंधरा दिवसांत पुन्हा हजर."

"आमसुलं चोळायची होतीत," खालून हौसा म्हणाली. "निदान आमटीत तरी घालता आली असती."

हौसा दादूच्याच वाडीतली. तीस वर्षं त्याच्या हाताखाली घमेली वाहिलेली, त्यामुळे त्याला वाटेल ते बोलायचा हक्क तिनं कमावला होता. हा तलाव बांधतानाही ती होती. म्हणूनच दादू ज्या भिंतीकडे बघायचं टाळत होता, तिकडे ती मुद्दाम बघत होती.

डाग एकूण सात होते. सहा डाग दादूनं बांधलेल्या तीन भिंतींवर. सातवा समोर, खोल बाजूच्या भिंतीवर, अगदी तळाशी. ती भिंत बाबूची.

बाबू म्हणजे धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होता. दादूनं त्याला वाढवला, थापी धरायला शिकवली, वाळू चाखायलाही शिकवली. खाडीची वाळू वापरायची वेळ आली तर ती धुवायची, आणि धुऊन झाल्यावर चिमूट जिभेवर ठेवायची. खारट लागली तर पुन्हा धुवायची. मीठ राहिलं तर आतली सळई गंजणार, फुगणार, भिंत फोडून बाहेर येणार. जिभेला काही लागलं नाही, की वाळू गोडी झाली म्हणायचं.

हा तलाव बांधला त्या वर्षी नदीची वाळू मिळेना, म्हणून खाडीची आणली होती. बाबूनं ती तीनदा धुतली, चाखली, गोडी झाली म्हणाला आणि खोल बाजूची भिंत खालून अर्धी गिलावली. दुपारी जेवणावरून उठून दादू आला. त्यानं चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"खारी! समुद्र हाय नुसता! ही धुतलीस? माझ्या नावाला गंज लावशील, मेल्या!"

ठेकेदार होता, दहा माणसं होती. बाबू म्हणाला, "दादा, गोडी हाय." एकदाच म्हणाला. दादू बोलत राहिला. शेवटी बाबूनं थापी धुतली, फळीवर पालथी ठेवली आणि संध्याकाळच्या एसटीनं निघून गेला. ठेकेदारानं भिंत काही फोडू दिली नाही. उरलेल्या कामाला दादूनं लांबून दुसरी वाळू आणवली.

बाबू मुंबईला लादी बसवायच्या कामाला लागला, तिथलाच झाला. शिमग्याला येतो, पण हेदवीला सासुरवाडीत उतरतो आणि तिथूनच परत जातो. इकडे पालखी दादूच्या अंगणात येते, गुरव देवाला गाऱ्हाणं घालायला घरातल्या माणसांची नावं विचारतो, तेव्हा दादू पहिलं नाव बाबूचं सांगतो. बायको, यमुनाबाई, दर वर्षी म्हणते, "देवाला सांगता तेच त्याला फोन करून सांगा की." दादू म्हणतो, "चूक त्याची, फोन मी का करू?"

आणि तरी अलीकडे त्याला वाटू लागलं होतं, की चूक आपली निघाली तर किती बरं होईल. मग फोन करायला कारण मिळेल. साठीच्या माणसाला नुसतं 'तुझी आठवण येते' म्हणायला तोंड उघडत नाही. त्याला काहीतरी काम असावं लागतं.

दुपारपर्यंत सहा डाग उघडले. सगळ्यांत एकच गोष्ट निघाली. सळ्या बांधताना जी तार पिळतात, तिची टोकं आत दुमडायची राहिली होती. ती गिलाव्याजवळ आली आणि गंजली. या तीन भिंतींच्या सळ्या बांधल्या होत्या दादूनं.

"तुझीच शेपटं बाहेर," हौसा म्हणाली.

"दिसतंय मला."

त्यानं प्रत्येक तार दोन बोटं आतपर्यंत कापून काढली, खळगा झाडला, पटकन धरणारं सिमेंट दाबून भरलं. वर पांढऱ्या सिमेंटचा हात उद्या द्यायचा होता. मग तो खोल बाजूला उतरला.

सातव्या डागावर छिन्नी टेकवली आणि दोन टोल्यांत डाग निघालाच. आत काही नव्हतं. वरच रुतलेली केसाएवढी बारीक तार होती.

"अगंबाई," वेदिका ओशाळली. "आमच्या माळ्यानं शेवाळ काढायला तारेचा ब्रश मारला होता."

"प्लास्टिकचा मारायचा," दादू म्हणाला आणि पुन्हा हातोडी उचलली.

"काका, डाग निघाला ना? मग आता का फोडताय?"

दादूचा हात थांबला. "वायच आत बघायचंय. पुन्हा चांगलं करून देतो, ताई. तुमचं काही बिघडू देणार नाही."

वेदिकानं हौसाकडे पाहिलं. हौसा म्हणाली, "बघू द्या त्याला. अकरा वर्षं बघायचं राहिलंय."

गिलावा घट्ट होता. टोला मारला की भरीव आवाज येत होता, पोकळ नाही. दादू सळईपर्यंत पोचला. बोटांनी धूळ पुसली. खिशातली बॅटरी लावली. सळई निळसर काळी, कालच बांधल्यासारखी. पापुद्रा नाही, तांबूस रेघसुद्धा नाही. तारेची टोकं नीट आत दुमडलेली. मीठ असतं तर अकरा वर्षांत इथे कोरून खाल्लेलं लोखंड दिसलं असतं.

वाळू गोडी होती.

"पटलं?" हौसानं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

दादू तिथेच, भिंतीला पाठ लावून बसला. मग फोन काढला. पाच-सहा वेळा वाजल्यावर पलीकडून आवाज आला.

"कोण? दादा? वहिनी बरी हाय ना?"

"बरी हाय. सगळी बरी हायत." दादूनं बॅटरी बंद केली. "गोळपच्या तलावात हाय मी. तुझी भिंत उघडली."

पलीकडे लादी कापायचं मशीन चालू होतं. ते बंद झालं.

"मग?"

"सळई नवी कोरी. वाळू गोडीच होती रे. गंजली ती माझी तार."

बाबू हसला. अकरा वर्षांनी ते हसू ऐकून दादूनं डोळे मिटले.

"गोडी होती ते ठाऊक हाय मला. दादा, तू सुका बांगडा खाऊन उठला होतास. चूळसुद्धा भरली नव्हतीस. त्या तोंडाला साखर खारी लागली असती!"

बांगडा दादूला आता आठवला. पेज, भाजलेला बांगडा, आणि घाईघाईत घेतलेली ती चिमूट. हौसा तोंडाला पदर लावून हसत होती.

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?"

"तुझा हात हुंगला तरी कळत होतं."

"मग बोलला का नाहीस? चूळ भर आणि पुन्हा चाख, एवढंच म्हणायचं होतंस!"

पलीकडून कुणीतरी बाबूला हाक मारली. तो "आलो, आलो" म्हणाला. मग जरा थांबून, "लादीखालचा मसाला सुकतोय दादा. ठेवतो. वहिनीला विचारलंय म्हणून सांग."

फोन बंद झाला. हौसा घमेलं घेऊन आली, खळगा भरायला सिमेंट कालवू लागली. दादूनं थापी हातात घेतली, पण भरेना. नुसता त्या उघड्या सळईकडे बघत राहिला.

"आता काय?" हौसा म्हणाली. "बोललास ना त्याच्याशी? हसला ना तो?"

"हसला."

"मग?"

"हौसा, तू होतीस तिथं. खरं सांग. चार माणसांत मोठ्या भावाची फजिती नको म्हणून तो गप्प बसला, की त्याला इथून जायचंच होतं आणि मी आयतं निमित्त दिलं?"