आंबोळीचा बर्फ

जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमधल्या आमच्या घरमालकिणीला जगात दोनच गोष्टींची भीती वाटे: आग आणि आमची फोडणी. तिच्या लेखी ती एकच गोष्ट होती. मी तेलात मोहरी टाकली की खालच्या मजल्यावरची ही बाई जिन्यात येऊन असं नाक उचलून उभी राही, की आता तीन बंब मागवणार. शेवटी तिने आमच्या स्वयंपाकघराच्या छताला धुराचा भोंगा बसवला. पहिल्याच वरणाला तो असा कोकलला, की पार स्टुटगार्टात लोक अंथरुणात उठून बसले असतील. मी त्याची बॅटरी काढून तूरडाळीच्या डब्यात पुरली.

आणि डिसेंबर लागला की हीच बाई घरभर वाळक्या फांद्या मांडून त्यांवर मेणबत्त्या पेटवायची! एक नग आम्हालाही भेट मिळाला. आडव्हेंट्सक्रांत्स. म्हणजे सुरूसारख्या झाडाच्या फांद्यांचं चुंबळीएवढं वेटोळं, त्यावर चार मेणबत्त्या. नाताळपर्यंत दर रविवारी एक जास्त पेटवायची. आमचं जेवणाचं टेबल खिडकीखालच्या हायत्सुंगला, म्हणजे खोली तापवणाऱ्या लोखंडी धुडाला, चिकटलेलं. त्या उष्णतेने चौथ्या रविवारपर्यंत वेटोळ्याचा पापड झाला होता. कुणी शिंकलं तरी खडखडायचं.

मला ते कळायला हवं होतं. मी कंपनीतला आमच्या मजल्याचा अधिकृत आग-विझव्या. पार्किंगमध्ये मुद्दाम पेटवलेली एक परात मी साऱ्या ऑफिससमोर विझवली होती. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर.

तर चौथा रविवार. आमचा भाडेकरार वर्षाअखेर संपत होता, आणि तो वाढवायचा की नाही हे ठरवायला मालकीणबाई तीन वाजता कॉफीला येणार होत्या. त्यांनी नाही म्हटलं असतं तर आम्ही रस्त्यावर. हे घर मिळेपर्यंत मी निम्म्या गावाची नकारघंटा ऐकली होती.

पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी दोन वाजताच चारही मेणबत्त्या पेटवल्या, वेटोळ्याला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. पावणेतीनला पहिल्या रविवारची बुटकी मेणबत्ती फांदीला टेकली. मी फुंकायला वाकलो.

"अहो जावईबापू! दिवा फुंकायचा नसतो. आपोआप शांत होऊ द्या."

"आई, ही मेणबत्ती आहे."

"पेटलीय ना? मग दिवाच."

"अगं आई," बायको म्हणाली, "वाढदिवसाला केकवरच्या फुंकतात की हे."

"म्हणूनच केस गेले त्यांचे."

मी टकलावर हात फिरवतोय तोवर भक्कन आवाज झाला आणि वेटोळं पेटलं. ज्वाळा पडद्याकडे बघू लागल्या. मला प्रशिक्षण शब्दन् शब्द आठवलं. पहिली पायरी: शांत राहा. मी शांत राहिलो. इतका शांत, की जागचा हललोच नाही.

"अहो, काहीतरी करा!" बायको ओरडली.

केलं ते सासूबाईंनी. आंबोळीचं पीठ थंडीत फुगेना म्हणून तीन दिवस हायत्सुंगवर बसवलेलं होतं. ते पातेलं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि वेटोळ्यावर पालथं केलं. फस्स! आग गेली. उरला धूर आणि आंबट वास.

"आई, आता हा दिवा विझवला नाहीत का?"

"फुंकला तर नाही ना?"

आणि बेल वाजली. तीनच्या ठोक्याला. जर्मन माणूस प्रलयातही उशिरा येत नाही.

मालकीणबाई आत आल्या. नाक वर गेलं. माझा जीव खाली गेला.

"आल्झो," त्या म्हणाल्या, "पुन्हा तुमची फोडणी!"

याच शेऱ्याने वर्षभर माझं रक्त उकळत होतं. त्या दिवशी मात्र बाईंचे पाय धरावेसे वाटले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो. "मोहरी करपली."

मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. हात छातीशी. "बर्फ! किती खरा दिसतो! कशाचा केलात?"

"तांदळाचा," बायको म्हणाली. "आमच्याकडची पद्धत आहे."

बाई विरघळल्या. परदेशी माणसांनी आमचा सण किती मनावर घेतला, वगैरे वगैरे. करार तिथल्या तिथे वाढवला. फक्त स्वतःच्या हाताने एक कलम घातलं: मोहरी तडतडवताना खिडकी उघडी ठेवावी. मेणबत्त्यांबद्दल अवाक्षर नाही.

"आणि चोवीस तारखेला खाली या," त्या म्हणाल्या. "माझ्या झाडावर खऱ्या मेणबत्त्या असतात. वडिलांच्या वेळेपासून. विजेचे दिवे म्हणजे निव्वळ फसवणूक!"

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी रिकाम्या पातेल्यात डोकावून पाहिलं.

"विचारा हो तिला जावईबापू, झाड किती उंच आहे. त्या मापाने तांदूळ भिजत घालते."