उतरवायची मजुरी

माझे दाजी एसी बसवतात. हाताला सफाई अशी की भिंतीवर ओरखडा उठत नाही, आणि अक्कल अशी की संसाराची पार वाट लागली. राग आहेच माझा त्यांच्यावर, लपवत नाही.

दिवसभर लोकांच्या घरी गारवा करून द्यायचा आणि संध्याकाळी आपल्या पंख्याखाली घाम पुसायचा, हे त्यांना सोसेना. मग मोठा टीव्ही आला, सोफा आला, शेवटी एसी आला. सगळं हप्त्यांवर. एसी घेतला तो दाजी ज्या दुकानासाठी काम करायचे तिथूनच; दुकानदाराने तारण मागितलं, तर या गृहस्थांनी ताईचं शिलाई मशीन लिहून दिलं. ताईला विचारलंसुद्धा नाही. घर चालायचं त्या मशीनवर, यांच्या ऐटीवर नव्हे.

मी भांडलो तर म्हणाले, सरकारच सांगतंय खर्च करा, बाजार तेजीत आहे. तेही खोटं नव्हतं. त्या नव्या टीव्हीवर मंत्री रोज तेच सांगायचे आणि व्याज उतरवलं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे. पुढे व्याज चढलं, हप्ते थकले आणि मंत्री दिसेनासे झाले. दाजींना घेऊन मी सरकारी तक्रार कक्षात गेलो. तिथल्या साहेबाने कागदाकडे ढुंकूनही न बघता विचारलं, "सही तुमचीच ना? मग सरकार काय करणार?"

त्याच्या डोक्यावरचा एसीही उधारीचाच असणार. सरकारने कर्ज काढलं की ती प्रगती, आणि दाजींनी काढलं की उधळपट्टी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

दुकानाची रीत अशी, की ज्याने माल बसवला त्यानेच हप्ते थकल्यावर तो उतरवायचा. तेव्हा दाजींना त्यांच्याच घरी पाठवलं, सोबत टेम्पो आणि दोन हमाल. मला वाटलं, आता तरी मान खाली जाईल. कसलं काय! त्यांनी खाली चादर अंथरली, एकेक स्क्रू डबीत ठेवला. हमालांनी तारणाचं शिलाई मशीनही उचललं, तेव्हा सुईखाली गिऱ्हाइकाचा अर्धा शिवलेला झगा होता. ताईने दोरा तोडून तो काढून घेतला.

मग दाजींनी सवयीने पावती पुढे केली. "मॅडम, माल परत दिल्याची सही करा."

स्वतःच्या बायकोला मॅडम! हमालसुद्धा दुसरीकडे बघायला लागले.

ताईने कागदाला हात लावला नाही.

"घेताना मला विचारलं नव्हतं, आताही तुम्हीच करा सही," ती म्हणाली. "आणि उतरवायची मजुरी मिळते ना, ती इथे ठेवून जा. हा झगा हाताने पुरा करायचाय, दोरा संपलाय."