पालखीमागचा थर्मास

जिल्ह्याचे आरोग्य साहेब अलिबागहून आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, तुमच्या नमुन्यांत पुण्याला काहीच सापडत नाही. यंदाही तेच झालं तर फ्रिज परत नेतो."

अस्सा राग आला! महाडच्या सरकारी दवाखान्यात मी लॅबवाली. आजाऱ्याच्या घशात कापसाची काडी फिरवायची, बाटलीत बंद करून बर्फात ठेवायची आणि एसटीनं पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडायची. तापाचा विषाणू तिथं शोधत. तो फ्रिज मी भांडून मिळवला होता.

माझ्या हातात खोट नव्हती. आमची माणसं आधी काढे पिणार, अंगारा लावणार आणि अगदीच आडवी झाली की दवाखान्यात येणार. तोवर घशात काय राहतंय, डोंबल? ताप चढल्याचढल्या माणूस गाठायला हवा होता.

मग डोक्यात आलं, शिमगा! मुंबईकर गावी येतात, सोबत खोकला आणतात. आणि ग्रामदेवतेची पालखी दारात आली की फणफणलेला माणूसही गोधडी गुंडाळून ओटीवर येतोच. मासळीवाल्याकडून बर्फ घेतला, थर्मासात भरला आणि उमरठला गेले.

पालखीचे म्हातारे मानकरी म्हणाले, "पालखी तुझ्यासाठी थांबायची नाय गो. यायचं तर चल मागनं."

"चालते की! पाय काय उसने आणलेत?"

भर उन्हात घरोघर फिरले. पालखी नाचून पुढे गेली की मी ओटीवर. "आ करा." एक मुंबईकर कुरकुरला, "क्या मॅडम, सणाला पण डॉक्टरकी?" बायका खो खो हसल्या. मग त्याच बोलवायला लागल्या, "धाकल्याचं अंग सकाळधरनं कढत हाय, बघ गो." पोलादपूरच्या स्टँडवर थर्मास कंडक्टरच्या हाती दिला तेव्हा आत बर्फ खुळखुळत होता.

पुण्याहून ट्रंककॉल आला. फ्लूचा विषाणू सापडला होता, आमच्याच नमुन्यांत! फोन ठेवला आणि मी सगळ्यांदेखत रडले. फ्रिज राहिला. इतका अभिमान मला लग्नात मिरवतानाही वाटला नव्हता.

पावसाळ्यात एकदा ते मानकरी एसटीतून उतरून भिजत दवाखान्यात आले. डोळे लाल, अंग तापलेलं.

"कधीपासून, बाबा?"

"आज सकाळी आला ताप. लगेच गाडी धरली." बाकावर बसले आणि मी सांगायच्या आत त्यांनी आ केला.