काचेमागचा माळढोक

माझा भाऊ नागापूरच्या एमआयडीसीत कामाला होता. गेल्या वर्षी जूनमध्ये पहिल्या पाळीला म्हणून गेला आणि दुपारी छातीत कळ येऊन तिथंच संपला. पस्तिशीही उलटली नव्हती. त्याला घरी आणलं तेव्हा त्याची सात वर्षांची मुलगी शाळेतून यायची होती. "तिनं हे बघायला नको," असं मीच म्हणाले. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मुलांचं मला कळतं असं घरात सगळे धरून चालतात. शेजारच्या काकूंनी तिला परस्पर त्यांच्या घरी नेलं आणि टीव्ही लावून दिला. ती परत आली तोवर सगळं आटोपून घर धुऊनही झालं होतं. पप्पा देवाघरी गेले, एवढं तिला सांगितलं. तेही मीच.

ती रडली नाही. काही विचारलंही नाही. जेवायची, शाळेत जायची, गृहपाठ करायची. पोरगी शहाणी आहे, असं लोक म्हणायचे आणि मला बरं वाटायचं.

शहरातल्या एका कॉलेजात प्राण्यांचं जुनं म्युझियम आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते दोन दिवस मुलांसाठी उघडतात. मुलांनी आईवडिलांना घेऊन यायचं, हाडं-पिसं हातात घेऊन बघायची, प्लॅस्टरमध्ये प्राण्यांच्या पावलांचे ठसे करायचे. आदल्या वर्षी भाऊ रजा टाकून तिला घेऊन गेला होता. या वेळी व्हॉट्सॲपवर म्युझियमची जाहिरात आली तशी ती म्हणाली, "आपण जायचं."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमीच न्या तिला. माझ्यानं तिथं उभं ऱ्हावणार न्हाई."

दिवाळीनंतर वहिनी तिला घेऊन काष्टीला माहेरी जाणार होती, कायमचीच. शाळेचा दाखलाही काढून झाला होता. तेवढा एक दिवस तरी पोरीला आनंदात जाऊ दे, असं मला वाटलं.

ऑक्टोबरचं ऊन चटका देत होतं. आत हॉलमध्ये डांबराच्या गोळ्यांचा वास होता. दारात कॉलेजची एक मुलगी नावं लिहून घेत होती. तिनं सहज विचारलं, "बाबा नाही आले?"

"कंपनीत गेलेत. पहिली पाळी आहे," भाची म्हणाली.

इतक्या सरळपणे म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना.

ठशांच्या टेबलापाशी सगळीकडे बापच होते, बाह्या दुमडून प्लॅस्टर कालवणारे. तिनं आपला ठसा पटकन उरकला, तो वाळायचीही वाट बघितली नाही आणि माझा हात धरून मला एका काचेच्या कपाटापुढं घेऊन गेली. आत माळढोक उभा होता. जवळजवळ तिच्या छातीएवढा उंच, मान ताठ, पिसं विटलेली. शेजारी एक निवृत्त सर मुलांना सांगत होते की हा पक्षी आपल्या श्रीगोंद्याच्या माळावर पूर्वी दिसायचा, आता दिसत नाही.

"हा जिवंत आहे?" तिनं विचारलं.

"नाही बाळा. फार वर्षांपूर्वी मेला. आत भुसा भरलाय," सर म्हणाले.

"मग याला जाळलं का नाही?"

सर हसले. "पक्ष्यांना कोण जाळतं?"

"माझ्या पप्पांना जाळलं. शेजारचा दादा सांगत होता."

सरांचं हसू गेलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या पेटीतून एक छोटा मेलेला खंड्या काढून तिच्यापुढं धरला. "हात लावून बघायचाय?"

तिनं एक बोट त्याच्या छातीवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"आत्या, पप्पा असेच कडक झाले होते?"

आजूबाजूला लोक होते. तरी पहिल्यांदाच मी काही रचून सांगितलं नाही. "हो."

"गार पण?"

"हो."

"तू हात लावलास?"

"लावला."

"मग मला का नाही लावू दिलास?"

"माझं चुकलं," मी म्हणाले.

बाहेर जिन्यात ती खाली बसली आणि रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा, हंबरडा फोडून. येणारेजाणारे थांबून बघत होते. एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. मला वाटलं, आता ती माझ्या कुशीत येईल. मी जवळ घ्यायला गेले तर तिनं माझा हात ढकलून दिला. पुन्हा गेले, पुन्हा ढकलला. शेवटी मी दोन पायऱ्या खाली जाऊन बसले आणि ती थांबेपर्यंत बसून राहिले. रिक्षात ती सारा वेळ बाहेर बघत होती.

भाऊबीज झाली आणि त्या दोघी गेल्या. टेम्पोत सामान चढलं तेव्हा तिनं मला वाकून नमस्कार केला, आईनं सांगितलं म्हणून.

तिकडे ती रमली, असं वहिनी फोनवर सांगते. बोलणंही आता तिकडचं झालंय. या दिवाळीआधी म्युझियमची जाहिरात पुन्हा आली तेव्हा मी फोन केला. येतेस का, म्हणून विचारलं.

"न्हाई येत," ती म्हणाली. मग म्हणाली, "तूच ये की हिकडं."

येते म्हणाले. काष्टी काही लांब नाही, दौंडच्या गाडीत बसलं की दोन तासांत पोचता येतं. दिवाळी होऊन महिना झाला. मी अजून गेलेले नाही.