फिरून येणारा आवाज

सकाळी उन्हं पडली की नव्या गावाच्या पाण्याच्या टाकीमागं आमचा डोंगर दिसतो, निळा, सरळ, लांबलचक. हितनं बघणाऱ्याला वाटंल, एकच डोंगर हाय. पर आत गेलं की कळतं, तो किती जागी फाटलाय. माझं सासर एका सोंडंवर, थोरल्या बहिणीचं समोरच्या सोंडंवर, अन् मधी खोल दरी. आक्काच्या चुलीचा धूर घरातनं दिसायचा, पर तिच्याकडं जायाचं तर खाली उतरून पुन्यांदा चढण्यात दिवस मावळायचा.

म्हणून आमी कुकारा घालायचो. "आक्काऽऽ, पोरीचा ताप उतरला का?" असं वरडायचं अन् गप उभं ऱ्हायचं. दरी आधी माझाच आवाज फिरवून आणायची. तो पुरता विरला की मग आक्का बोलायची. घाई केली तर दोघींचंबी बोलणं वाया जायचं.

पुढं सरकारनं त्या डोंगराचं राष्ट्रीय उद्यान केलं, अन् आमाला उठवलं. मी हितं सपाटीला आले. आक्काला दुसऱ्याच जिल्ह्यात जागा दिली.

काल सुनंनं तिला फोन लावून दिला. "आक्का, जेवलीस का?" म्हणलं अन् मी गप ऱ्हायले. तिकडं तीबी गप.

"आत्याबाई, कट झाला वाटतं," म्हणत सून फोन घ्यायला लागली. म्या तिचा हात धरला.

लई वेळानं आवाज आला, "जेवले गं. तुझा आवाज फिरून आला न्हाई, म्हणून थांबले व्हते."

"हितं कोण फिरवून देणार, आक्का," म्या म्हणलं.