सहावी पट्टी

पृथ्वीगोलांच्या कारखान्यात त्याला सगळे पृथ्वीबाबा म्हणत. एकतीस वर्षं हा माणूस पुठ्ठ्याच्या पोकळ चेंडूंवर नकाशाच्या पट्ट्या चिकटवत आला होता. एका गोलाला बारा पट्ट्या, होडीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. खळ लावायची, कागद जरा मऊ पडू द्यायचा, मग अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्यायचा. शेजारच्या दोन पट्ट्यांवरच्या नद्या आणि सीमा केसभरही न चुकता जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर गोल भंगारात.

स्वभावाने अगदी गरीब गाय. तोंडी एकच मंत्र, "जाऊ द्या हो." शेजारच्या रोगणवाल्याने आपले डबे सरकवत सरकवत त्याचं अर्धं टेबल गिळलं, तरी "जाऊ द्या हो." मग उरलेलंही गिळलं. तेव्हा पृथ्वीबाबा गोल मांडीवर घेऊन काम करायला लागला आणि वर म्हणाला, "बरं पडतं. तान्हं बाळ खेळवल्यासारखं."

रक्ताचं असं एकच माणूस उरलं होतं, मोठी बहीण. ताई सीमेवरच्या खोऱ्यात एका गावी शाळेत इतिहास शिकवायची. खोऱ्याच्या डोक्यावर डोंगर, आणि डोंगरापलीकडे तो मोठा शेजारी देश. तिथला हुकूमशहा दर भाषणात आणखी थोडी जमीन मागायचा. गेल्या वर्षी बोलणी झाली आणि अख्खा डोंगराचा पट्टा त्याला देऊन टाकला. पुढारी सह्या करून हसत बाहेर आले. आता म्हणे कायमची शांतता! पाचव्या पट्टीवर डोंगराचा रंग बदलून आला, तो पृथ्वीबाबाने निमूट चिकटवला. "जाऊ द्या हो. तिथे दगडांशिवाय आहे काय?"

मग एका सकाळी मालक नव्या कागदांची गुंडाळी नाचवत आले. मालकांना स्वतःच विचारून स्वतःच उत्तर द्यायची खोड.

"दोन हजार गोल, बाबा! पलीकडच्या शाळांसाठी. एवढी ऑर्डर सोडायची नाही, बरोबर की नाही? बरोबर! नकाशा त्यांनीच छापून पाठवलाय. आपण फक्त चिकटवायचं, बरोबर की नाही? बरोबर!"

पाच पट्ट्या झाल्या. सहावीला खळ लावली, उचलली, आणि अंगठा तिथेच थांबला. सगळं खोरं पलीकडच्या रंगात बुडालं होतं. ताईचं गावसुद्धा. शिवण मात्र झक्क जुळत होती.

"मालक, हे चुकलंय. खोरं आपलं आहे."

"मलाही तसंच वाटलं, म्हणून विचारून घेतलं. ते म्हणाले, शाळा सुरू होईपर्यंत नकाशा बरोबर ठरेल."

शाळा सुरू व्हायला दोन महिने होते.

"म्हणजे काय, मालक?"

"म्हणजे... आपल्याला काय करायचंय? बरोबर की नाही?"

या वेळी मालकांनी उत्तर दिलं नाही.

पृथ्वीबाबा अंगणात गेला आणि त्याने फोन लावला.

"ताई, निघ तिथून."

"काय रे बाळ्या? परीक्षेचे पेपर तपासतेय मी."

त्याने सगळं सांगितलं. ताई हसली. "करार झालाय, वेड्या. डोंगर हवा होता, मिळाला. पोट भरलं त्यांचं. तू कधीपासून एवढा भांडखोर झालास? जाऊ दे ना."

आपलाच मंत्र पृथ्वीबाबा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता. कसं समजवावं हिला? आणि एकदम त्याने ताईचाच वर्गातला आवाज काढला, नाकातून, खडू आपटल्यासारखा. रजा काढून तिच्या गावी गेला की तो तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकायचा.

"हं! मागचे, जांभया बंद! दुसऱ्या महायुद्धाआधी त्या छोट्या देशाला डोंगराळ पट्टा सोडायला कुणी लावलं? मित्र म्हणवणाऱ्यांनीच! काय होतं त्या पट्ट्यात? नुसते दगड? नाही, त्याची सगळी तटबंदी होती! मग उरलेला देश बळकावायला किती महिने लागले? ए खिडकीजवळची, बाहेर काय बघतेस, सांग!"

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"सहा," ताई म्हणाली. "पुरते सहाही नाही."

"आणि आपल्या डोंगरात काय होतं, ताई?"

"चौक्या." ताई हळू म्हणाली. "सगळ्या चौक्या तिथेच होत्या. दरवर्षी शिकवते रे मी हे. दरवर्षी." मग जरा सावरून म्हणाली, "पण मी एकटी नाही निघणार. वर्गात चाळीस पोरं आहेत. त्यांच्या आईबापांना नुसतं सांगून पटणार नाही, मलाच कुठे पटत होतं? ती पट्टी घेऊन ये."

पृथ्वीबाबा आत आला. ओली पट्टी दुमडली तर फाटली असती. सपाट वाळवायला टेबल हवं.

"डबे उचल," तो रोगणवाल्याला म्हणाला.

"आता कुठे ठेवू? जरा मांडीवरच..."

"उचल. नाहीतर मी उचलतो."

रोगणवाल्याने एकेक करत सगळे डबे उचलले. एकतीस वर्षांत हा आवाज कुणी ऐकला नव्हता. पट्टी वाळली. दोन पुठ्ठ्यांत घालून त्याने ती सुतळीने बांधली आणि पायात चपला सरकवल्या. मालक दारात आडवे आले.

"बाबा, ती पट्टी परत करावी लागेल! ऑर्डर जाईल हो आपली!"

"जाऊ द्या हो," पृथ्वीबाबा म्हणाला आणि पुठ्ठे छातीशी धरून खोऱ्याच्या बसकडे निघाला.