कापूस-कापूस नावाचा खेळ

"माह्या वावरात लेकरू कामाले नव्हतंच. मायच्या मागं खेयाले येत होतं. दादानं उगाच तमाशा केला."

दारव्ह्याच्या आठवडी बाजाराला जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या धाकट्या भावाने हे इतक्यांदा सांगितले आहे, की आता ते चालकालाही पाठ झाले असावे. पुरवणी म्हणून तो असेही जोडतो, की दादा दुपारच्या झोपेतून उठून आला होता, त्याला नीट दिसले नाही. आयुष्यभर न्यायालयात कारकुनी केलेल्या माणसाविरुद्ध इतकी कच्ची साक्ष कोणी देऊ नये.

झोपलो होतो, हे मान्य. गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी भावाकडे जेवलो आणि त्याच्या ओसरीवर, पिवळ्या फुलांच्या हिरव्या उशीवर, घटकाभर पडलो. मग तुरीच्या ओल्या शेंगा खायला वावरात गेलो. मी हेरगिरीला गेलो होतो, हा आरोप फेटाळतो. हेर खिशात मिठाची पुडी घेऊन जात नाही.

कापसाची वेचणी चालू होती. बायकांच्या रांगेत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. कमरेला ओटी, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची कापडी झोळी, आणि दोन्ही हात बोंडांवर.

"शाळा सोडून काय करून राह्यली व?" मी विचारले.

"खेयून राह्यली, आबाजी." हात थांबले नाहीत.

"कोणता खेळ?"

"कापूस-कापूस."

"अन् जिंकते कोण?"

"माय. माहा कापूस तिच्याच गठोड्यात जाते न."

शेजारच्या ओळीतली तिची आई हसली नाही. "शाळा जागेवरच राह्यते, आबाजी. फुटलेला कापूस राह्यत नाही," ती म्हणाली. हे मला पटले नाही, पण खोटेही म्हणता आले नाही. संध्याकाळी सगळा कापूस आईच्या नावाने तोलला जातो. त्यामुळे आमच्या तालुक्यात कोणत्याही वावरात मूल कामाला नसते, हे कोणीही शपथेवर सांगू शकतो.

तेवढ्यात भाऊ आला. "दादा, शेंगा खा न गपचूप! लहानपणी आपण नाही येचला कापूस? काय बिघडलं?"

"रविवारी येचला. सोमवारी बाबा कान धरून शाळेत नेत. तुहा डावा कान अजून लांब आहे, पाह्य."

बायका खुदखुदल्या. मी मुलीला म्हणालो, "तू जाय घरी, उद्या शाळेत बस. हा खेळ आता मी खेळतो." तिची ओटी तिच्याकडून घेतली, पाहिली, परत दिली, उपरणे कमरेला बांधले आणि तिच्या ओळीत उभा राहिलो. माझा कापूस तिच्या आईच्या गाठोड्यात पडू लागला. तमाशा म्हणतात तो एवढाच. वावर रस्त्याला लागून आहे आणि थोरला भाऊ धाकट्याकडे मजुरीला लागलेला पाहायला माणसे मोटारसायकली थांबवतात, याला माझा इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशीही गेलो. मुलगी शाळेत होती.

"दादा, इज्जत काढून राह्यला तू माही!"

"खेयून राह्यलो."

माझ्या कापसात वाळल्या पानांचा कचरा होता, असे भाऊ सांगतो. साफ खोटे. मी हळू वेचला, पण स्वच्छ वेचला. अखेर त्यानेच हात टेकले: मुलीने शाळेत जावे, तिची ओळ तो स्वतः वेचून आईच्या गाठोड्यात टाकील. सीझन संपेपर्यंत त्याने शब्द पाळला, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. आज तो त्याला व्यायाम म्हणतो. मुलगी या वर्षी पहिल्या दिवसापासून शाळेत आहे आणि रस्त्यात भेटली की मला विचारते, "आबाजी, कोण जिंकलं?"

उरला प्रश्न ती खेळत होती की काम करत होती, याचा. तिची ओटी मी हातात घेतली तेव्हा आधी स्वतःच्या कमरेला लावून पाहिली होती. नाड्या एकमेकींपर्यंत पोचल्या नाहीत. त्या रांगेतल्या कोणत्याही बाईला ती पुरली नसती. ती मुलीच्या मापाने, मशीनवर, दुहेरी टाक्याने शिवलेली होती. आणि तिचे कापड हिरवे होते, पिवळ्या फुलांचे, भावाच्या ओसरीवर ज्या उशीवर मी झोपलो होतो तिचेच.